चौकी नऊ

तेवीस वर्षं रोज सकाळी साडेआठला
माझ्या टेबलावरचा काळा फोन वाजायचा.
"चौकी नऊ. डिमेलो बोलतो. लिहा."
मी लिहायचो. एकशे बारा. चौसष्ट पॉइंट दोन.
मिलिमीटर म्हणायची गरज नसे.
दिवाळी उलटली की तो म्हणायचा, "निरंक."
डिसेंबर निरंक, जानेवारी निरंक,
तरी फोन चुकला नाही.
एकदाच विचारलं होतं, "वर थंडी आहे का हो?"
"तुमच्या रकान्यात थंडी बसत नाही, साहेब,"
म्हणाला, आणि ठेवला.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या फेब्रुवारीत
भांडुपच्या बाजारातून बूट घेतले, अर्धा नंबर मोठे,
आणि तुळशी तलावामागचा डोंगर चढायला निघालो.
खिशात परवानगीचा कागद, पुढे जानू बरफ.
या डोंगरांवर बर्फ कधी पडला नाही,
तो फक्त जानूच्या आडनावात आहे.
मी हे बोलून दाखवलं.
"सगळे हेच बोलतात," जानू म्हणाला,
मागे न बघता.

खात्याच्या नकाशात चौकी म्हणजे लाल टिंब
आणि वाट म्हणजे तुटक रेघ.
जमिनीवर ती जास्तच तुटक होती.
कारवीची सुकी काटकं खांद्याला अडत होती,
सागाची पानं पापडासारखी मोडत
आमची बातमी पुढे पोचवत होती.
एका दगडावर बिबट्याची विष्ठा, तिच्यात पट्ट्याचं बक्कल.
जानूनं काठीनं उलटवून पाहिलं.
"मुलुंडचा कुत्रा," म्हणाला, जणू पत्ता वाचला.

मग एक चौथरा लागला. मी टोपी काढली.
"हा शेळ्यांचा. आमचाच होता."
मी टोपी घातली.

पान नसलेली एक कौशी शेंदरी फुलून उभी,
तिच्यामागे विहारचं पाणी, पाण्यामागे पवईचे टॉवर,
आणि डोक्यावरून एक विमान, चाकं बाहेर काढलेलं.
मी बसलो. जानू बसला नाही.
त्याला ते दिसलं होतं:
ऐनाच्या खोडात, दोन पुरुष उंचीवर
चिनीमातीची पांढरी वाटी,
सालीनं अर्धी गिळलेली.
तार हिच्यावरून जायची.
माझ्या कानातले सगळे आषाढ
या वाटीला वळसा घालून आले होते.

तिथून वर तीन पायऱ्या. गुडघ्याएवढी भिंत.
मंगलोरी कौलाचा तुकडा, त्यावर कारखान्याचं अर्धं नाव.
दाराच्या जागी करवंदीची जाळी.
मी आत गेलो म्हणजे फक्त एक दगड ओलांडला.

"माप इथे नव्हतं," जानू म्हणाला. "वर, उघड्या कातळावर.
डिमेलोचे गुडघे गेलेले. आजा जायचा पावसात.
आकडे येत नव्हते त्याला.
काठी बुडवायचा, ओल चढेल तिथे गवताची गाठ.
गाठ आणून द्यायचा, डिमेलो पट्टीला लावायचा."

मला माझ्या नोंदवह्या आठवल्या,
कापडी पाठीच्या, दरवर्षी एक.
"आणि ते पॉइंट दोन? ते गाठीत कसं बसायचं?"

जानू पहिल्यांदाच हसला.
"तेवढं डिमेलो टाकायचा."

कातळापर्यंत माझेही गुडघे गेले नसते.
जानू गेला. काठी घेऊन, न सांगता.
बराच वेळ नुसता एक तांबट कुठेतरी ठोकत राहिला.
मग वरून हाक आली:
"सुकं आहे, साहेब! खड्ड्यात मुंग्या!"

घड्याळात सव्वा वाजला होता. उशीर झाला होता नोंदीला.
परवानगीच्या कागदामागे मी तारीख घातली,
पुढे लिहिलं, निरंक.
आणि रकाना आखलेला नव्हता म्हणून त्याखाली:
भिंतीच्या सावलीत थोडी थंडी.

गेट बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.
उताराला पाय बुटांत पुढे सरकत राहिले,
अंगठे ठेचत.